शिणलेले मूल आणि खानदेशची दुपार

वैशाखातील शुद्ध तृतीयेला पंचांग अक्षय्य तृतीया म्हणत असले, तरी तापी-गिरणेच्या खोऱ्यात तिचे नाव आखाजी. आणि सासुरवाशिणीच्या दृष्टीने या सणाचे माहात्म्य दिवाळीहूनही अधिक, कारण या निमित्ताने लेकी हक्काने माहेरी येतात, कडुनिंबाच्या फांदीला दोर बांधून झोके घेतात, गौराईची गाणी म्हणतात, आणि पितरांच्या नावाने भरलेल्या घागरीपुढे सांजोऱ्यांचा नि आमरसाचा नैवेद्य दाखवून झाला की सारे घर एका पंगतीला बसते. एरंडोल हा अंजनी नदीच्या काठचा जुना कसबा, पांडववाड्यामुळे आणि बकासुराच्या आख्यायिकेमुळे महाभारतातील एकचक्रानगरी म्हणून दूरदूर नाव झालेला. परंतु प्रस्तुत प्रकरणात आपल्याला त्या पौराणिक एकचक्रानगरीशी कर्तव्य नसून, आखाजीच्या दिवशी तेथील कोणत्याही भरल्या घरात आढळणाऱ्या चार-पाच महिन्यांच्या तान्ह्या पाहुण्याशी कर्तव्य आहे. हा पाहुणा सकाळी आईबरोबर एस. टी.तून उतरतो, आजोबांच्या मांडीवरून मामाच्या खांद्यावर आणि तेथून शेजारणीच्या कडेवर फिरतो, त्याची सकाळची झोप आल्यागेल्यांच्या कौतुकात बुडते, दुपारची झोप पंगतीच्या गलबल्यात तहकूब होते, आणि चारच्या सुमारास, बाहेर झळा चालू असताना, ते मूल अंग ताठ करून असे रडू लागते की ना दूध घेईल, ना खुळखुळ्याकडे पाहील, ना कोणाच्या हातात राहील.

मग घरातील सर्वांत वयोवृद्ध स्त्री निदान सांगते, "पोऱ्याले नजर लागनी." मीठ-मोहरी उतरवली जाते, आणि पुष्कळदा मूल त्यानंतर शांत होऊन झोपतेही. या विधीवर हसण्याचे मला तरी कारण दिसत नाही. नजर काढण्याकरता मुलाला माजघरात नेले जाते, भोवतालची माणसे दूर होतात, बोलणे थांबते, एकच व्यक्ती त्याच्यापाशी उरते. आणि त्या क्षणी त्याला ज्या गोष्टीची निकड होती ती नेमकी हीच होती. मिरच्या निखाऱ्यावर टाकून खोलीभर ठसका उठवण्याचा भाग मात्र तान्ह्याच्या श्वासनलिकेला घातक असल्यामुळे वगळावा, एवढीच सूचना. त्या मुलाला ना दृष्ट लागलेली असते, ना बहुधा पोटशूळ उठलेला असतो. त्याला झोप आलेली होती, ती कोणी ओळखली नाही, आणि आता ती येऊन गेलेली असते.

प्रौढ माणसाचा अनुभव असा की जितके श्रम अधिक तितकी निद्रा गाढ. हाच हिशेब मुलालाही लावून, "आता जागे राहू द्या, म्हणजे पुढे चांगले झोपेल," असा सल्ला सुशिक्षित घरांतूनही दिला जातो. आणि तो हिशेब सपशेल चुकतो. निद्रेचे नियमन दोन सूत्रांनी होते, असा सिद्धान्त झुरिच येथील संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडला: जागेपणाच्या प्रत्येक तासाबरोबर साठत जाणारा निद्रेचा भार हे एक सूत्र, आणि दिवस-रात्रीची जाण ठेवणारे शरीरांतर्गत घड्याळ हे दुसरे. मोठ्या माणसात हा भार सोळा तास साठू शकतो आणि घड्याळ त्याला दिवसभर तोलून धरते. तान्ह्या मुलात भार झपाट्याने साठतो, आणि घड्याळ जन्मतः सिद्धच नसते. रात्री अधिक स्रवणाऱ्या मेलाटोनिन या द्रव्याची लय साधारण तिसऱ्या महिन्याच्या सुमारास बसू लागते. म्हणून नवजात अर्भक तासभर, फार तर दीड तास जागे राहू शकते. चौथ्या महिन्यात दीड ते दोन तास, सहाव्यात दोन ते तीन, आणि वर्षाच्या उंबरठ्यावर तीन ते चार तास एवढीच त्याची शक्ती असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मानानुसार चार ते अकरा महिन्यांच्या मुलाला चोवीस तासांत दिवसाच्या झोपा धरून १२ ते १६ तास निद्रा हवी. हे आकडे सरासरीचे आहेत, कोणा मुलावर बजावण्याचे हुकूम नव्हेत. तथापि सकाळी नऊला जागे झालेले पाच महिन्यांचे मूल एक वाजेपर्यंत मांडीमांडीवर नाचवले, तर त्याच्या बाजूने कराराचा भंग झाला असे म्हणता येणार नाही.

मर्यादा ओलांडल्यावर नेमके काय होते? अलीकडे याचा सारा दोष कॉर्टिसॉल नावाच्या संप्रेरकावर ढकलण्याची रीत पडली आहे, आणि बालसंगोपनाच्या पुस्तकांतून ते नाव मंत्रासारखे उच्चारले जाते. मला त्याहून साधे आणि डोळ्यांनी पडताळता येण्याजोगे स्पष्टीकरण अधिक पटते. थकलेले मूल स्वतःला शांत करू शकत नाही, म्हणून रडते. रडण्याने नाडी जलद होते, श्वास वेडावाकडा होतो, स्नायू आवळतात, अंग तापते. आणि ही सारी लक्षणे निद्रेच्या नेमकी विरुद्ध दिशेची आहेत. झोप लागण्यापूर्वी शरीराच्या गाभ्यातील उष्णता हातापायांच्या त्वचेवाटे बाहेर पडावी लागते. हातपाय उबदार असलेल्या माणसाला झोप लवकर लागते, हे बाझेल येथील संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवून दिले. रडणारे मूल गाभ्यातील उष्णता वाढवीत असते. ते शिणल्यामुळे रडते, रडल्यामुळे झोपत नाही, आणि न झोपल्यामुळे अधिक शिणते. मुदत टळल्यावर कचेरीच्या दारात उभा राहिलेल्या अर्जदाराप्रमाणे त्याची कैफियत खरी असूनही त्या घटकेला मंजूर होण्याजोगी राहिलेली नसते.

येथे खानदेशचा उन्हाळा आपले वजन टाकतो. जळगाव जिल्ह्यात वैशाखात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर सहज जातो आणि काही दिवशी पंचेचाळीसही ओलांडतो. म्हणजे हवा त्वचेपेक्षा उष्ण होते, आणि त्वचेने हवेत उष्णता सोडण्याऐवजी हवाच त्वचेला तापवू लागते. अशा वेळी शरीर थंड करण्याचा एकच मार्ग उरतो, तो बाष्पीभवनाचा. वजनाच्या मानाने तान्ह्या मुलाच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे, त्यामुळे बाहेरचा ताप त्याला लवकर भिडतो, आणि घाम गाळण्याची त्याची शक्ती मात्र अल्प. सुदैवाने इथली उष्णता कोरडी आहे, म्हणून ओल्या फडक्याने हातपाय पुसणे, दारावर भिजवलेला वाळ्याचा पडदा सोडणे किंवा खिडकीत कूलर लावणे, हे उपाय कोकणातल्या दमट हवेत निष्फळ ठरले तरी एरंडोलात गुणकारी ठरतात. फक्त कूलरचा झोत मुलाच्या अंगावर थेट येऊ देऊ नये. चरकसंहितेत कुमारागाराचे जे वर्णन आहे, त्यातही घर वाऱ्याच्या झोतापासून सुरक्षित असावे पण त्याच्या एका भागी हवा खेळती असावी, अशी तजवीज सांगितलेली आहे.

धाब्याच्या घरांविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण मुलाच्या झोपेचा प्रश्न या प्रांती एका अर्थी घराच्या छपराचा प्रश्न आहे. जाड मातीच्या भिंती, लाकडी सऱ्यांवर काटक्या-तुराट्या अंथरून वर खाऱ्या मातीचा थर चोपून केलेले सपाट छप्पर, खिडक्या थोड्या नि लहान, आणि मधले माजघर भरदुपारीही अंधारे: असे हे घर बाहेरच्या उन्हाला आत यायला कित्येक तास लावते, त्यामुळे दुपारी एक-दोनला, म्हणजे मुलाला झोपेची सर्वाधिक गरज असते त्या वेळी, ते सर्वांत शीतल असते. प्रकाश नाही, रस्त्याचा आवाज नाही, आणि भिंत हाताला गार लागते. आज कसब्यातही सिमेंटचा स्लॅब आणि पत्रा आला. पत्रा ऊन येताच तापतो, आणि स्लॅब दुपारभर साठवलेली उष्णता संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत खाली सोडीत राहतो. म्हणून घरची माणसे रात्री गच्चीवर किंवा अंगणात खाटा टाकतात, हवा गार होईपर्यंत बोलत बसतात, आणि त्यांच्यासोबत मूलही दहा-अकरापर्यंत जागे राहते. रात्रीची ही तूट भरून काढण्याचे ओझे अर्थातच दिवसाच्या झोपेवर पडते. ज्यांच्याकडे जुने माजघर उरले आहे त्यांनी ते मुलाकरता राखून ठेवावे. ज्यांच्याकडे नाही त्यांनी खालच्या मजल्यावरची, पूर्वेकडची खोली जाड पडद्याने अंधारी करावी. दूरचित्रवाणी चालू असलेल्या खोलीत झोपवण्याचा अट्टाहास धरू नये, कारण थकलेल्या मुलाची नजर त्या हलत्या प्रकाशाकडे खेचली जाते आणि त्याला ती स्वतःहून वळवता येत नाही.

झोपेची वेळ घड्याळापेक्षा मुलाच्या मुखावर अधिक स्पष्ट लिहिलेली असते. प्रथम त्याची हालचाल मंदावते, नजर एखाद्या ठिकाणी शून्यपणे स्थिरावते, भुवयांच्या कडा लालसर होतात, आणि तोंडासमोर आलेल्या माणसाकडून ते मान फिरवते. कौतुक करणाऱ्या मावशीला वाटते, मुलाला आपण आवडलो नाही. वस्तुतः त्याने दिवसाचे कामकाज बंद करण्याची विनंती केलेली असते. नंतर जांभई येते, डोळे आणि कान चोळले जातात. येथवर ओळखले तर झोप दहा-पंधरा मिनिटांत लागते. मुठी आवळल्या, पाठ कमानीप्रमाणे वाकली, रडण्याचा सूर चढला, म्हणजे समजावे की उशीर झाला, आणि फसवे लक्षण असे की या शेवटच्या टप्प्याच्या किंचित आधी काही मुले एकाएकी अत्यंत उत्साही दिसतात, हसतात, पाय झाडतात, आणि घरची माणसे म्हणतात, "बघा, याला झोप कुठे आहे!"

आपल्याकडे सकाळी तेल चोळून, ऊन पाण्याने न्हाऊ घालून मुलाला दुपट्यात गुंडाळण्याची जी रीत आहे, तिच्यामागून येणारी झोप दिवसातील सर्वांत दीर्घ आणि निश्चित असते, हे प्रत्येक आजीला ठाऊक आहे. ऊन पाण्याने त्वचेतील रक्तवाहिन्या विस्फारतात, त्यावाटे गाभ्यातील उष्णता निघून जाते, आणि वर सांगितलेली निद्रेची अट आपोआप पुरी होते. म्हणून मूल जागे होऊन तास-दीड तास झाला की आंघोळ घालावी, पाहुण्यांच्या किंवा न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या सोयीने ती अकरापर्यंत लांबवू नये. उन्हाळ्यात पाणी कोमट असावे, आणि दुपट्याचे वेढे सैल, सुती नि एकपदरीच असावेत. आंघोळीनंतर शेगडीवर ओवा-वावडिंगाची धुरी देण्याची प्रथा मात्र सोडावी. झोप आंघोळीमुळे लागत असते, धुरामुळे नव्हे.

आता उशीर झालेल्या मुलाला शांत कसे करावे, याविषयी. सामान्यतः माणसे अधिकाधिक करीत जातात: जोराने हलवतात, खुळखुळा वाजवतात, हातोहात देतात, एकाच वेळी तिघे तीन गाणी म्हणतात. करायचे असते ते याच्या उलट. एकाच व्यक्तीने मुलाला अंधाऱ्या खोलीत न्यावे, छातीशी उभे धरून त्याचे डोके खांद्यावर टेकू द्यावे, आणि संथ, अखंड पावलांनी येरझारा घालाव्यात. जपानमधील रिकेन संस्थेतील कुमी कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये असे नोंदवले की आई बसून धरते त्यापेक्षा ती धरून चालू लागली की मुलाचे रडणे आणि हातपाय झाडणे तत्काळ कमी होते आणि हृदयाचे ठोकेही मंदावतात. २०२२ मध्ये त्यांनी पुढचा हिशेब मांडला: पाच मिनिटे चालावे, मूल झोपल्यावर लगेच अंथरुणावर न टाकता पाच ते आठ मिनिटे मांडीवर धरून बसावे, मग ठेवावे, कारण निजलेले मूल चाळवते ते पाठ अंथरुणाला टेकल्यामुळे नव्हे, तर आईच्या अंगापासून अलग होऊ लागल्यामुळे. ठेवतानाही पाठीखालचा हात झटक्याने काढू नये, छातीवरचा तळवा घटकाभर तसाच राहू द्यावा. मुलाला एकाएकी जागे करू नये, हिसकून उचलू नये, त्याला भिववू नये, हा उपदेश सुश्रुताच्या शारीरस्थानात आहे, आणि कुरोदा बाईंच्या हृदयस्पंदनाच्या आलेखाशी तो अगदीच विसंगत नाही.

झोळीविषयी लोक दोन टोकांना बोलतात. शेताच्या बांधावर निंबाच्या सावलीत लुगड्याची झोळी बांधून कापूस वेचणाऱ्या कित्येक पिढ्यांच्या आयांनी मुले झोपवली. झोळी हलते, अंगाला बिलगते, जमिनीच्या तापापासून आणि विंचू-काट्यापासून मुलाला वर ठेवते. परंतु मऊ कापडात मुलाची हनुवटी छातीला टेकली तर श्वासमार्ग दबतो, आणि ते रडूनही सांगू शकत नाही. म्हणून झोळीत झोपवलेल्या मुलापाशी जागते माणूस असलेच पाहिजे, आणि झोप लागल्यावर त्याला सपाट, घट्ट अंथरुणावर उताणे ठेवावे. उशी नको, जाड गोधडी नको, आणि गळ्यातला काळा दोरा नि ताईत झोपण्यापूर्वी काढावेत. झोळीला झोके देण्याचे काम बहुधा सात-आठ वर्षांच्या थोरल्या बहिणीकडे असते, आणि ती खेळायला जाण्याच्या घाईने जोरजोरात झोके देते. तिचाही यात दोष नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर विकासवाडीत बालवाडी आणि शाळेला जोडूनच पाळणाघर चालवले, ते धाकट्या भावंडांपायी थोरल्या मुलींची शाळा बुडू नये याच हेतूने.

झोपवण्याचा एक जुना उपाय असाही होता की ज्याचे नाव काढतानाही संकोच वाटावा. कामावर जाणाऱ्या आया मुलांना अफूची बारीक गोळी देत. १८९३ मध्ये नेमलेल्या अफू आयोगापुढे हा विषय आला, आणि मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांविषयी १९२०च्या दशकात झालेल्या सरकारी चौकशीतही तो नोंदला गेला. मूल निपचित पडे, भूक विसरे, आणि कधी कधी उठतच नसे. आज अफू गेली, परंतु गुंगी आणणारे सर्दी-खोकल्याचे औषध प्रवासात किंवा लग्नघरी "जरा झोपेल" म्हणून चमचाभर पाजण्याची मुभा काही सुशिक्षित माणसे स्वतःला देतात. दोहोंत मला तरी तत्त्वतः भेद दिसत नाही.

एवढे करून मूल झोपले आणि पाऊण तासाच्या आत जागे झाले, तर निराश होण्याचे कारण नाही. शिकागो येथे युजीन असेरिन्स्की यांनी गुरू नॅथॅनियल क्लाइटमन यांच्या सूचनेवरून प्रथम निजलेल्या मुलांच्या डोळ्यांचे निरीक्षण केले, त्यातूनच पुढे १९५३ मध्ये निद्रेतील जलद नेत्रहालचालीचा शोध प्रसिद्ध झाला. आणि मुलांच्या निद्रेचे एक आवर्तन मोठ्यांप्रमाणे दीड तासाचे नसून पन्नास-साठ मिनिटांचे असते, हेही त्या काळापासून कळू लागले. आवर्तनाच्या सांध्यावर मूल कण्हते, हातपाय हलवते, क्षणभर डोळेही उघडते. तेवढ्यावर घाईने उचलले तर अर्धवट झोप मोडते. तळवा ठेवून दोन मिनिटे थांबले तर कित्येकदा दुसरे आवर्तन सुरू होते. वीस मिनिटे प्रयत्न करूनही झोप लागलीच नाही, तर प्रयत्न सोडावा, मुलाला ओट्याच्या सावलीत घेऊन बसावे, दूध द्यावे, आणि अर्ध्या तासाने पुन्हा पाहावे. दिवस वाया गेलाच, तर त्या रात्री तासभर आधी निजवावे.

सगळे रडणे शिणाचे नसते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये नोंदवल्याप्रमाणे निरोगी मुलांचेही रडणे सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळसाला पोहोचते आणि मग ओसरते. त्या पंधरवड्यात सर्व उपाय हरतात, आणि आईचा संयमही हरू शकतो. अशा वेळी मुलाला सुरक्षित अंथरुणावर ठेवून पाच मिनिटे खोलीबाहेर जावे, पण संतापून त्याला कधीही गदागदा हलवू नये. त्याने कोवळ्या मेंदूत रक्तस्राव होतो. उन्हाळ्यात मूल वारंवार अंगावर मागते ते तहानेनेही असते. सहा महिन्यांच्या आत त्याला पाणी न देता आईचे दूधच अधिक वेळा द्यावे, आणि पाणी आईने प्यावे. लघवी कमी झाली, टाळू खोल गेली, अंग तापले, किंवा मूल एरवीपेक्षा फार वेळ झोपून उठवूनही नीट उठत नसेल, तर तो झोपेचा प्रश्न नव्हे, दवाखान्याचा आहे.

पहिल्या सहामाहीत दिवसाला तीन-चार झोपा, वर्षाच्या आसपास दोन, आणि पंधरा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान एकच, असा साधारण क्रम असतो. दोनाची एक होतानाचे काही आठवडे पुन्हा चिडचिडीचे जातात: एक झोप पुरत नाही आणि दुसरी येत नाही. त्या काळात जेवण अकरापर्यंत उरकून साडेअकरा-बारालाच मुलाला निजवावे, आणि ही वेळ हळूहळू पुढे सरकवावी. ती एकच्या सुमारास स्थिरावली की खानदेशातील घराच्या दिनक्रमाशी तिचा मेळ बसतो, कारण त्या वेळी दुकानाच्या फळ्या लागलेल्या असतात, शेतावरची माणसे सावलीला आलेली असतात, आणि घरात कोणी आडवे झालेले नाही असे क्वचितच होते. मात्र साडेतीनपर्यंत मुलाला उठवावे. त्यापुढे झोपू दिले, तर रात्री गच्चीवरील खाटेवर आई-बापांना बारा वाजेपर्यंत त्याच्याबरोबर चांदण्या मोजाव्या लागतात.